मृत संवर्ग

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या चारजण दुकानात येऊन बसतील आणि वर चहा माझ्याच पैशाचा पितील. सांगलीपासून एसटीनं तासाभरात येतं, कृष्णेच्या काठाला आहे, नगरपरिषद क वर्ग म्हणजे लोकसंख्या ४० हजारच्या आतली, एवढं पुरे. अशी गावं आपल्याकडं पुष्कळ आहेत, कुणाला आपलंच वाटलं तर वाटू दे.

मी लोकांची जीएसटीची रिटर्न भरून देतो. मार्केट यार्डाच्या कोपऱ्याला छोटं ऑफिस आहे, एक कॉम्प्युटर, एक पोरगा, आणि महिन्याच्या २० तारखेला जीव नकोसा होईल एवढी गर्दी. आकड्यांशी रोजचा संबंध असल्यामुळं आळीत मला उगाच हुशार समजतात, आणि मीपण तो समज मोडायला जात नाही. त्या हुशारीपोटीच गेल्या नोव्हेंबरात मी एक उपद्व्याप केला.

नगरपालिकेची निवडणूक लागली होती. मतदान २ डिसेंबर २०२५. याच्या आधीची २०१६ च्या नोव्हेंबरातली, म्हणजे नोटाबंदीच्या ऐन भरातली, लोकं बँकेच्या लायनीत उभी होती आणि उमेदवार त्याच लायनीत येऊन पाया पडत होते, आठवतंय ना? त्या बॉडीची मुदत २०२१ च्या अखेरीला संपली आणि मग आरक्षणाचा घोळ, कोर्टकचेऱ्या, प्रभाग रचना, असं करत करत जवळजवळ चार वर्षं मुख्याधिकारी हेच प्रशासक. चार वर्षं नगरसेवक नाही म्हटल्यावर लोकांना त्याची इतकी सवय झाली की दारात पुन्हा हात जोडून माणसं उभी राहिली तेव्हा एकदोन म्हाताऱ्यांना ते वर्गणीवाले वाटले.

तर तरुण मंडळाच्या पोरांनी ठरवलं की या वेळी आळीत प्रत्येकाची वेगळी कोपरा सभा नको, प्रभागातले सगळे उमेदवार एका मांडवात बसवायचे आणि लोकांनी विचारायचं. पुण्याहून वर्क फ्रॉम होम घेऊन आलेलं एक पोरगं यात पुढं होतं. मी त्यात भर घातली. म्हटलं, गटार-रस्ता-लाईट हे सगळे विचारतात आणि सगळे हो म्हणतात, त्याला काय अर्थ नाही, आपण एकच प्रश्न ठेवू. पैसे कमी पडले तर तुम्ही कशातनं कमी करणार? बास. जोडायचं कुणीपण सांगतं, वजाबाकी करून दाखवा.

पोरं खूश झाली. मीपण स्वतःवर खूश झालो.

आता प्रश्न विचारायचा तर अभ्यास पाहिजे म्हणून पालिकेत अर्ज करून अंदाजपत्रकाची झेरॉक्स आणली. ज्यांनी कधी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, नगरपालिकेचं बजेट ही एक वेगळीच साहित्यकृती असते. ते कायम शिलकी असतं. पाऊस पडो न पडो, घरपट्टी वसूल होवो न होवो, शेवटच्या पानावर शिल्लक दाखवायचीच, कारण तुटीचं अंदाजपत्रक मांडायची सोयच नाही. मग जमेच्या बाजूला वसुली अशी काही धरतात की गाव उद्या सकाळी उठून लाईन लावून थकबाकी भरणार आहे. ती वसुली येत नाही. मग वर्षभर काय होतं तर जिथं खर्च थांबवला तर कुणी ओरडणार नाही असा कोपरा शोधायचा आणि तिथं हळूच थांबवायचा. याला कपात म्हणत नाहीत बरं का. याला काहीच म्हणत नाहीत.

पैसा येतो कुठनं तेपण बघितलं. पूर्वी जकात होती, आमच्याकडं नाक्यावर टायरची बैठक करून बसलेला नाकेदार मला लहानपणी तहसीलदारापेक्षा मोठा वाटायचा. नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली आणि तिच्याऐवजी सरकारचं सहायक अनुदान सुरू झालं, ज्याच्यावर पगार निघतात. म्हणजे स्वतःच्या कमाईचा एक मोठा झरा होता तो बंद होऊन वरनं येणाऱ्या टँकरवर आलो. मग केंद्राचा वित्त आयोग. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले आमच्यासारख्या गावांना १०० पैकी ६० रुपये पाणी आणि कचरा-स्वच्छता यालाच बांधलेले, बंधित निधी म्हणतात त्याला, आणि निवडून आलेली बॉडी नसली की तोपण अडकायचा. बाकी आमदार-खासदारांचा, जिल्हा नियोजनचा निधी, तो ज्याच्या नावानं येतो त्याच्या नावाचा बोर्ड घेऊनच येतो. खऱ्या अर्थानं गावाचा म्हणावा, गावानं बसून ठरवून खर्च करावा असा पैसा म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं. तेवढाच. त्यातनं कामगारांचे अनुदानात न भागणारे पगार, घंटागाडीचा ठेका, आणि पाण्याच्या मोटारींचं लाईट बिल.

या लाईट बिलाबद्दल जरा सांगितलं पाहिजे. माझी बहीण साताऱ्याला दिली आहे, तिच्याकडं कासचं पाणी येतं. कास वर डोंगरात, गाव खाली, त्यामुळं पाणी आपल्या पायानं चालत घरात येतं. आमचं उलटं. कृष्णा खाली, टाकी वर. जॅकवेलमधनं उपसा, तिथनं फिल्टर हाऊस, तिथनं टाकी, म्हणजे तुमच्या बादलीतला तांब्या न् तांब्या मोटारीनं ढकलून वर आणलेला असतो. महावितरणचं बिल थकलं की नोटीस येते, नोटीस आली की पाणी दिवसाआड होतं आणि पालिकेच्या मेसेजमध्ये त्याला 'पाणीपुरवठ्याचे नियोजन' असं म्हणतात. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ना, आमच्याकडं नदी उशाला आहे एवढाच फरक.

असो. २७-२८ नोव्हेंबरची संध्याकाळ. थंडी चांगली पडली होती, कारखाने सुरू झालेले, मेन रोडनं उसाच्या ट्रॉल्या टेप लावून चाललेल्या, आणि दत्ताच्या देवळापुढं मांडव. प्रभागात दोन जागा, एक महिला राखीव, उभे एकूण सातजण, आले पाच. दोघांनी प्रतिनिधी पाठवले. एका ताईंच्या शेजारी त्यांचे मिस्टर खुर्ची ओढून बसले, कुणी बोलवलं नव्हतं तरी. लोक मात्र आले, दीडदोनशे तरी असतील. कारण वडापाव होता हे मान्य केलं पाहिजे.

पहिले आबा उठले. माजी नगरसेवक, दोन टर्म. माईक हातात घेतला आणि म्हणाले, "कपात हा शब्दच आपल्याला मान्य नाही. निधी आणायला धमक लागते. वर सरकार आपलं हाय, खाली माणूस आपला पाहिजे." टाळ्या. मी झेरॉक्स फडफडवत म्हणालो, आबा, निधी येतो तो बांधकामाला येतो, इमारत होते, पण तिथला दिवा लावायचे पैसे कुठनं? आबा हसले आणि मला म्हणाले, "आण्णा, तुम्ही लई बारीक वाचताय, डोळ्याला त्रास होईल." पुन्हा टाळ्या, मला वाटतं जास्तच.

मग एक अपक्ष होते, एसटीतनं रिटायर झालेले कंडक्टर. यांना आयुष्यभर सुट्ट्या पैशाचा हिशोब द्यायची सवय, त्यामुळं त्यांनी प्रश्न खराच मनावर घेतला. खिशातनं कागद काढला. म्हणाले रात्री अकरानंतर रस्त्यावरचे दिवे एकाआड एक बंद करायचे. मांडवात कुजबुज झाली आणि मागनं एक आवाज आला, "माझी ड्युटी साडेअकराला सुटते." आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी सिस्टर होती, खाजगी दवाखान्यात कामाला आहे. तिला तिथं बघून मला आश्चर्य वाटलं, कारण तिचं मतदान तिच्या गावाकडं. "दिवे बंद केले तर कुत्र्यांचं काय करणार तेवढं सांगा," ती म्हणाली. कंडक्टर काकांनी प्रामाणिकपणे कागदावरची ओळ खोडली. पेन काढून, सगळ्यांसमोर. मला तो माणूस तिथंच आवडला आणि निवडून येणार नाही हेपण तिथंच कळलं.

तिसरे दादा. पांढरे कपडे, बूट पांढरे, फोन हातात दोन. दादा म्हणाले पालिकेच्या गोडाऊनला एक बोट पडून आहे, चार वर्षं पाण्यात गेली नाही, दरवर्षी देखभाल दाखवतात, ती विकून टाकू. मुद्दा ऐकायला बरोबर होता. मीसुद्धा मान हलवली, कारण माझ्या धंद्यात न वापरलेली वस्तू म्हणजे अडकलेला पैसा. तेवढ्यात नदीकाठच्या गल्लीतल्या एक आक्का, ज्या आत्तापर्यंत वडापाव धरून शांत बसल्या होत्या, बसल्या जागेवरनंच म्हणाल्या, "ब्रह्मनाळ इसरलास व्हय रं?"

मांडव गप्प झाला. बाहेरच्यांना कळणार नाही कदाचित. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पाण्यातनं बाहेर निघालेल्या लोकांनी भरलेली नाव उलटली होती. बायका-पोरं गेली. या पट्ट्यातल्या माणसाला ते नाव नुसतं उच्चारलं तरी पुरतं. २००५ ला पूर आला, २०१९ ला आला, २०२१ ला परत आला, आणि दोन पुरांच्या मधल्या वर्षात ती बोट सगळ्यांना भंगार दिसते. दादांनी लगेच सावरलं, "विकायची म्हंजे जुनी विकून नवीन घ्यायची असं म्हणतोय मी आक्का." म्हणजे कपात करायला उभा राहिलेला माणूस मिनिटाभरात खर्च वाढवून खाली बसला. हे मी नंतर बरंच मोजलं, संध्याकाळभरात जेवढ्या वेळा कुणी काही कमी करायचं म्हणाला तेवढ्या वेळा शेवटी काहीतरी वाढलंच.

मध्ये एकानं ते लाडक्या बहिणीचं काढलं. महिन्याला दीड हजार वाटल्यावर पालिकेला कुठनं देणार सरकार, असं. पुरुषांच्या बाजूनं हूं हूं झालं. बचत गटाच्या ज्या ताई उमेदवार होत्या त्या म्हणाल्या, "दीड हजार आले तेव्हापासनं माझ्या गटातल्या बायकांचे हप्ते थकले नाहीत. तुमच्या घरपट्ट्या का थकल्या, त्या काय बायकांनी खाल्ल्या?" आता यावर वाद होऊ शकतो, राज्याच्या तिजोरीवर बोजा आहे हे खोटं नाही, पण त्या क्षणी तरी पुरुषांच्या बाजूनं कुणाला काही सुचलं नाही.

आणि याच ताईंनी संध्याकाळचं एकमेव खरं उत्तर दिलं. म्हणाल्या, नळाला मीटर बसवा. जो जास्त वापरेल तो जास्त भरेल, गाड्या धुणारे, हौद भरणारे, आणि लाईट बिल निघेल, मग पाणी रोज सोडता येईल. एवढंच. दोन वाक्यं. आणि मांडवात जो काय कल्लोळ झाला! पाण्याला मीटर? कृष्णामाईच्या पाण्याला? उद्या हवेला लावाल! ज्यांच्या घरात अर्ध्या इंचाच्या कनेक्शनला गुपचूप मोटार जोडलेली आहे ते सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते, आणि कुणाकुणाच्या घरात ती आहे हे ओरडणाऱ्यांसकट सगळ्यांना माहिती होतं. शेजारच्या दुसऱ्या ताईंचे मिस्टर उठून म्हणाले, "आमच्या मंडळी निवडून आल्या तर मीटर येणार नाही," आणि मंडळी मान खाली घालून साडीचा पदर नीट करत बसल्या. शेवटी मंडळाच्या पोरांनी मीटरवाल्या ताईंना, राहू दे ताई, राहू दे, म्हणून खाली बसवलं.

मग मामा उठले.

मामांबद्दल सांगायचं तर मला थोडं मागं जावं लागेल. जुन्या पालिकेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नगर वाचनालय होतं. आहे अजून, म्हणजे बोर्ड आहे. लांबच लांब दोन टेबलं, बाकडी, पेपर लाकडी दांडीत अडकवलेले, भिंतीवर गांधी-टिळक-आंबेडकर, आणि कुठल्या तरी जुन्या नगराध्यक्षांचा फेटेवाला फोटो ज्यांचं नाव खालच्या पट्टीवरनं कधीच पुसलं गेलंय. आमचं घर तेव्हा दीड खोलीचं, त्यात सहा माणसं आणि वडील कारखान्यात शिफ्टला, म्हणजे दिवसा ते झोपलेले असले की घरात भांडं वाजवायचं नाही. दहावी-बारावीचा अभ्यास मी त्या टेबलांवर केला. वेळ संध्याकाळी सहा ते नऊ. नऊला मामा घंटा वाजवायचे, पालिकेचे शिपाई, आणि म्हातारे लोक उठून गेले की आम्हा चारपाच पोरांकडं बघून म्हणायचे, "बसा, मला काय घरी घाई नाही." मग दहापर्यंत, परीक्षेच्या दिवसात अकरापर्यंत, मफलर गुंडाळून दाराशी स्टुलावर बसून राहायचे. लाईट पालिकेची जळत होती आणि मामांचा ओव्हरटाईम कुठंच लागत नव्हता. हे कुठल्या बजेटात येतं मला सांगा.

वडील सुट्टीच्या दिवशी तिथंच पेपर वाचायला यायचे. बापलेक एका टेबलाच्या दोन टोकांना, एकमेकांकडं न बघता. घरी आमचं बोलणं फारसं नव्हतंच. तिथं ते पेपर संपवून उठताना माझ्या पाठीमागनं जायचे आणि जाता जाता वहीत डोकावायचे, एक शब्द न बोलता, आणि मला ते पाठीला कळायचं. वडील जाऊन बारा वर्षं झाली. त्यांची आठवण मला घरात कमी येते, त्या जिन्यात जास्त येते.

१९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात पालिकेच्या कामांच्या दोन याद्या आहेत. एक आवश्यक कर्तव्यं, रस्त्यावर दिवे, सफाई, आग विझवणं, स्मशान, जन्म-मृत्यूची नोंद असली. दुसरी स्वेच्छेची, म्हणजे जमलं तर करा. वाचनालयं, बागा या दुसऱ्या यादीत. कायदा करणाऱ्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, मेल्याची नोंद झालीच पाहिजे. पण पैसे कमी पडले की हात आधी दुसऱ्या यादीकडं जातो आणि तिथं ओरडणारं कुणी नसतं, कारण जे वाचायला येतात ते शांत बसायची सवय असलेले असतात.

मामा २०१८ ला रिटायर झाले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मी तेव्हा ओळखीच्या क्लार्कला विचारलं तर तो म्हणाला, ते पद मृत संवर्गात आहे. मला वाटलं काहीतरी कोर्टाची केस वगैरे असेल. तसं नाही. आकृतीबंध म्हणून एक असतो, कुठल्या ऑफिसात किती आणि कुठली पदं ठेवायची त्याचा तक्ता. त्यात एखादं पद पुढं नको असेल तर लगेच माणसाला काढत नाहीत, ते पद मृत संवर्ग म्हणून जाहीर करतात. म्हणजे आहे तो माणूस आहे तोपर्यंत राहील, पगार घेईल, आणि ज्या दिवशी तो रिटायर होईल त्या दिवशी पद आपोआप व्यपगत. संपलं. कुणाच्या पोटावर पाय नाही, मोर्चा नाही, बातमी नाही. मामा दाराशी मफलर गुंडाळून बसायचे त्यातली शेवटची कितीतरी वर्षं ते कागदावर मेलेलेच होते.

पुढं काय झालं तर किल्ली जन्म-मृत्यू विभागाच्या क्लार्ककडं गेली, तो मोकळा असला तर सकाळी दहा ते एक उघडणार. मग पेपर चौदाचे चार झाले, चाराचे दोन. मासिकं बंद. कोरोनात कुलूप लागलं ते नंतर निम्मंच उघडलं. वाचनालय बंद करण्याचा ठराव शोधला तर कुठं सापडणार नाही, झालेलाच नाही. माझ्या हातातल्या बजेटात तो हेड अजून आहे, समोर नाममात्र तरतूद. तीन नंबर शाळेचंही असंच झालं, पटसंख्या कमी म्हणून एक नंबरमध्ये समायोजन. पट कमी का झाला तर माझ्यासकट सगळ्यांची पोरं इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसमधनं बाहेर जायला लागली. तिथंही ठराव कुणी केला असं बोट दाखवता येणार नाही.

तर मामा उठले. गळ्यात एका पक्षाचा पट्टा होता, कुणीतरी घातला असेल, काढायचं विसरले असतील. माईक नको म्हणाले. "मी चौतीस वर्षं नोकरी केली. रिटायर होताना सायबांनी सांगितलं तुमचं पद मृत हाय. आता मी तर जिता हाय. तर इचारायचं असं की ज्यो कोण निवडून येईल त्यो मेल्याला उठवणार काय?"

लोक हसले. मामापण हसले, त्यांना हसवायचंच असेल कदाचित. आबा म्हणाले नवीन ई-लायब्ररी मंजूर करून आणू, वातानुकूलित. दादा म्हणाले अभ्यासिका काढू, स्पर्धा परीक्षेची. एक शिपाई ठेवू आणि संध्याकाळी तीन तास उघडू असं कुणी म्हणालं नाही. कारण तो पगार आहे, दर महिन्याला द्यायचा, आणि पगाराचं उद्घाटन करता येत नाही.

मी पुन्हा उठलो. म्हटलं एक शिपाई, तीन तास, याला लागतात किती, घरपट्टीची थकबाकी जरी नीट वसूल केली... आणि तेवढ्यात मांडवाच्या खांबाला टेकून उभं असलेलं एक पोरगं, गेल्या वर्षी पालिकेत वसुलीला कंत्राटी होतं, मोठ्यानं म्हणालं, "आण्णा, तुमच्या वरच्या मजल्याची घरपट्टी लावली तरी मामांच्या चहाचं निघंल की!"

असा हशा पिकला म्हणता. सिस्टरसुद्धा हसली. हसणारच, त्या मजल्याचं भाडं तीच भरते.

वरचा मजला मी २०१४ ला चढवला. परवानगी काढली नाही असं नाही, काढली, पण पूर्णत्वाचा दाखला राहिला, आकारणीला कळवायचं राहिलं, आणि मग राहिलेलं राहूच दिलं. पालिकेच्या रजिस्टरला माझं घर अजून वडिलांच्या वेळचं आहे, तळमजला, पत्रा. लोकांना मी रोज सांगतो, उलाढाल लपवू नका, आज ना उद्या नोटीस येते. माझा समज असा की वरच्या मजल्याचं कुणाला माहिती नाही. दोन खिडक्या आणि पाण्याची काळी टाकी असलेला मजला!

मी काय उत्तर देणार होतो कुणास ठाऊक. तोंड उघडलं होतं एवढं आठवतंय. पण दादा माझ्या मदतीला धावले. "ए, आण्णांना कोण बोलतंय रं! जुनी माणसं हायती. आणि ऐका, आम्ही आलो तर पाच वर्षं एक रुपया घरपट्टी वाढणार नाही. नवीन मोजणी नाही, नवीन आकारणी नाही. लिहून देतो." सगळ्यात मोठ्या टाळ्या याला पडल्या. दर चार वर्षांनी आकारणी करायची असते, ती चतुर्थ वार्षिक की काय, तिलाच ते नाही म्हणत होते, म्हणजे जमेची बाजू आज आहे तिथंच गोठवून टाकत होते, आणि त्याचा अर्थ आणखी चारदोन पदं मृत संवर्गात जाणार, हे त्या मांडवात कुणाला कळत असेल तर मला कळत होतं. मांडीवर झेरॉक्स होती माझ्या.

मी टाळ्या वाजवल्या. ठरवून नाही. हात वाजले.

घरी आल्यावर बायको म्हणाली, कशाला नसते धंदे. बाकी काही बोलली नाही, भाकरी वाढली. रात्री झोप आली नाही म्हणून उठून कॅल्क्युलेटर घेतला आणि ११ वर्षांचा हिशोब मांडायला लागलो, वर थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, असते ती धरून. शास्तीच्या कॉलमला आल्यावर कॅल्क्युलेटर बंद केला. आकडा लिहीत नाही.

मतदान झालं. निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा होता तो कोर्टाच्या आदेशानं २१ डिसेंबरला गेला, त्यामुळं वीस दिवस गाव नुसतं हिशोब घालत बसलं होतं. दादा आले. महिला जागेवर मिस्टरवाल्या ताई आल्या, मिरवणुकीत गुलाल मिस्टरांच्याच अंगावर जास्त होता. आबा थोडक्यात पडले. कंडक्टर काकांना त्यांच्या भावकीनंसुद्धा पूर्ण मतं दिली नाहीत म्हणतात. मीटरवाल्या ताईंचं डिपॉझिट वाचलं एवढंच. मी कुणाला मत दिलं ते सांगत नाही, पण त्या ताईंना दिलं नाही, हे सांगून टाकतो.

संक्रांत झाल्यावर एक दिवस मी पालिकेत गेलो. कर विभागात ओळखीचा क्लार्क एकटाच तीन टेबलांचं बघत होता. म्हटलं वरच्या मजल्याची आकारणी लावून घ्यायची आहे. त्यानं आधी माझ्याकडं, मग दाराकडं बघितलं. "आण्णा, कुणी तक्रार केली का?" नाही म्हटलं. "मग आत्ताच कशाला? बॉडी नवीन आहे. आणि मोजायला येणारे साहेब बदलून गेले, त्यांच्या जागी कुणी नाही. शेजारच्या पालिकेतल्या साहेबांकडं चार्ज आहे, ते गुरुवारी येतात, आले तर." मग त्यालाच वाईट वाटलं असावं, म्हणाला, तुम्ही स्वतः माप लिहून अर्ज देऊन ठेवा, आवक करून घेतो.

रविवारी टेप घेऊन वर गेलो. सिस्टरची सुट्टी होती, केस धुवून उन्हात बसली होती. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं म्हणून तिलाच म्हटलं जरा धर. बाहेरची खोली, आतली खोली, मोरी, गॅलरी. ती टेप भिंतीला टेकवून धरायची आणि मी आकडा वाचून त्या बजेटच्या झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचो. २२ बाय १८. १२ बाय १०. गॅलरी धरायची की नाही यावर मी थोडा थांबलो आणि मग धरली.

शेवटच्या भिंतीपाशी ती टेपचं टोक हातात तसंच धरून म्हणाली, "काका, भाडं वाढणार आहे का?"